तिथे आपण कोण असणार?

पत्राचा सारांश

पत्रलेखक 47 वर्षांचे आहेत. मूळ गाव पाटण तालुक्यात, गेली अकरा वर्षं नोकरीनिमित्त सिंगापुरात. पत्नी तिथल्या एका शाळेत शिकवते, मुलगी दहावीत आहे. इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावर, रिंजानी ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावरच्या एका गावात ते तीन वर्षांत चार वेळा राहून आले. ज्यांच्या घरी उतरतात त्या गृहस्थांशी घरोबा झाला. ते त्यांना 'पाक' म्हणतात, आपण वडीलधाऱ्याला काका किंवा अण्णा म्हणतो तसं. पाकनी आता आपल्या भातशेतीतली 20 आर जमीन 40 कोटी इंडोनेशियन रुपियांना, म्हणजे साधारण 21 लाख रुपयांना देऊ केली आहे. परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, म्हणून कागदावर मालक पाकच राहतील आणि माताराम या लोम्बोकच्या मुख्य शहरातला एक मध्यस्थ आतले करार करून देईल. त्या जमिनीवर पाच कॉटेज बांधायची, मराठी पर्यटक आणायचे आणि निवृत्तीनंतर तिथेच राहायचं, असा बेत आहे. एकूण खर्च 60 लाख, विसार पुढच्या महिन्यात. त्यांचे प्रश्न तीन: व्यवहार सुरक्षित आहे का, पैसे किती वर्षांत सुटतील, आणि पत्नीचा 'भावनिक' विरोध कसा घालवायचा. पत्नीचं म्हणणं चार पानी पत्रात एकाच वाक्यात आलं आहे: "तिथे आपण कोण असणार?"

उत्तर

नमस्कार.

आधी तातडीचं सांगते. पुढच्या महिन्यात विसार देऊ नका. मध्यस्थाला 'थोडं थांबा' एवढं कळवा, आणि मग बाकीचं सवडीनं वाचा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सकाळी पाटातून पाणी सोडल्याचा आवाज, बरुगाकात, म्हणजे घरापुढच्या उघड्या मंडपीत बसून घेतलेली कॉफी, एका परातीभोवती सगळ्यांनी मिळून जेवायची ती बगीबुंगची पद्धत, हे सगळं तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत की ते गाव तुम्हाला खरंच लागलं आहे याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच जास्त काळजी वाटते. ज्या गावावर जीव जडलाय तिथे माणूस कागद नीट बघत नाही.

इंडोनेशियाचा जमिनीचा मूळ कायदा 1960 सालचा आहे, त्या वर्षीचा पाचव्या क्रमांकाचा. त्यात पूर्ण मालकीच्या हक्काला 'हक मिलिक' म्हणतात. हक्क आणि मिळकत, दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचे. हा हक मिलिक फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळतो. त्याच कायद्याचं 26 वं कलम मध्यस्थानं तुम्हाला दाखवलं नसेल. परदेशी माणसाकडे थेट किंवा आडमार्गानं मालकी जावी म्हणून केलेला कोणताही व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत, असं ते सांगतं. आडमार्ग हा शब्द कायद्यातच आहे, म्हणजे तुमचा मार्ग 1960 मध्येच त्यांच्या डोळ्यांपुढे होता.

मध्यस्थ जे चार कागद करून देणार आहे ते तुम्ही पत्रात लिहिलेच आहेत: पाकनी तुमच्याकडून कर्ज घेतल्याचा कागद, जमीन तुम्हाला दीर्घ मुदतीनं दिल्याचा कागद, विक्रीचा अधिकार तुम्हाला देणारं कुलमुखत्यारपत्र, आणि 'खरा मालक हाच' असं कबूल करणारं निवेदन. यांतलं रद्द न होणारं कुलमुखत्यारपत्र जमीन हस्तांतरासाठी वापरायला तिथल्या गृहमंत्रालयानं 1982 सालीच मनाई केली. 2020 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं आपल्या परिपत्रकात स्पष्ट केलं की पैसा परदेशी माणसाचा असला तरी मालक तोच, ज्याचं नाव सर्टिफिकेटवर आहे. मग ते चार कागद नेमके कशाचा पुरावा उरतात? तुम्ही कायदा चुकवायचा प्रयत्न केला, याचा. आणि तो पुरावा तुमच्याच सहीचा.

यावर 'तिथे सगळेच असं करतात' हे उत्तर तुम्ही आधीच लिहून ठेवलं आहे. बालीत आणि लोम्बोकच्या किनाऱ्यावर असे व्यवहार पुष्कळ झाले, हे खरं आहे. त्यांतले काही वर्षानुवर्षं सुरळीत चाललेही. पण ते चालतात ते दोन्ही घरची माणसं जिवंत आणि एकमेकांशी चांगली आहेत तोवरच. पाकांचं वय तुम्ही 61 लिहिलं आहे. त्यांच्यानंतर सर्टिफिकेट त्यांच्या मुलांकडे जाईल. वारशाला तिथे 'वारिसान' म्हणतात आणि भाऊबंदकी तिथेही आहे. तुमच्याशी घरोबा पाकांचा आहे. मलेशियात पामतेलाच्या मळ्यात काम करणाऱ्या त्यांच्या थोरल्या मुलाला तुम्ही एकदाच भेटला आहात.

तो कायदा अन्यायाचा आहे असा तुमच्या पत्राचा सूर आहे. 'मी पैसे मोजतोय, गावाचं भलं करतोय, तरी मला मालक होऊ देत नाहीत.' इथे जरा पाटणला या. महाराष्ट्रात 1948 च्या कुळकायद्याच्या 63 व्या कलमाप्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घेता येत नाही. पुण्यातला डॉक्टर आधी शेतकरी असल्याचा दाखला शोधतो तो त्यामुळेच. परदेशी नागरिकाला तर आपल्याकडे शेतजमीन घ्यायचीच मुभा नाही. गोव्यात किनाऱ्यावरच्या जमिनी परदेशी लोकांनी कंपन्यांच्या आडून घेतल्याच्या चौकशा झाल्या तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना चौकशी करणाऱ्यांचंच बरोबर वाटलं होतं. इंडोनेशियाचा नियम तर स्वतःच्या माणसांनाही लागतो. 1961 पासूनच्या नियमानुसार शेतजमिनीच्या मालकानं त्याच तालुक्यात, म्हणजे त्यांच्या 'कचामातान'मध्ये राहिलं पाहिजे. जकार्तात राहून लोम्बोकचं भातशेत नावावर ठेवणं इंडोनेशियन नागरिकालाही कायद्यानं मंजूर नाही. डचांच्या मळ्यांची आठवण बाळगणाऱ्या देशानं हे नियम केले आहेत.

लोम्बोकमध्ये ही जखम अजून ताजी आहे. दक्षिण किनाऱ्यावर मांदालिकाचा पर्यटन प्रकल्प आला. 2022 पासून तिथे मोटोजीपीच्या मोटारसायकल शर्यती होतात. त्या प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनी आणि विस्थापित झालेली कुटुंबं यांबद्दल 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क तज्ज्ञांनी उघड चिंता व्यक्त केली होती. तुमचं गाव डोंगराकडे आहे, तिथवर ती झळ कदाचित पोचली नसेल. पण जमीन, बाहेरचा माणूस आणि मध्यस्थ हे तीन शब्द एकत्र आले की त्या बेटावर काय आठवतं, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

आता पाकांच्या बाजूनं बघू. पत्रात ही बाजू मला सापडली नाही.

भातशेत विकायला माणूस सहजी तयार होत नाही, तिथेही नाही. पूर्व लोम्बोक हा मलेशियाला मजूर पाठवणाऱ्या देशातल्या मोठ्या जिल्ह्यांपैकी एक. जायचं तर एजंटचे पैसे, परवान्याचे पैसे, प्रवासखर्च. अनेक घरं त्यासाठी शेत गहाण ठेवतात. गहाणाला तिथे 'गादाई' म्हणतात, आणि गादाईतली जमीन पीक घेणाऱ्याच्या ताब्यात जाते. ही 20 आर जमीन आज मोकळी आहे की कुणाकडे गहाण आहे, हे तुम्ही विचारलंत का? पाकना पैसे कशासाठी हवेत, हे विचारलंत का? मुलीचं लग्न असेल, हजची रांग असेल, थकलेलं कर्ज असेल. कारण कळलं तर कदाचित असं दिसेल की त्यांना पैशाची गरज आहे आणि जमीन हा त्यांना सुचलेला एकमेव मार्ग आहे. तसं असेल तर त्यांना मदत करायचे याहून चांगले मार्ग तुमच्याकडे आहेत. त्याबद्दल पुढे लिहिते.

दुसरं. त्यांनी तुम्हाला 'सौदारा' म्हटलं, भाऊ मानलं, म्हणून विश्वास आहे, असं तुम्ही लिहिता. 'सौदारा' हा आपला सहोदर. विश्वासाला तिथे 'पर्चाया' म्हणतात, तो आपला 'प्रत्यय'. शब्द किती जवळचे आहेत! पण या व्यवहारात तुम्ही त्या सहोदराला काय करायला सांगताय ते बघा. सरकारी कचेरीत जाऊन स्वतःचं नसलेलं आपलं म्हणून सांगायचं, त्या जमिनीचा कर आपल्या नावानं भरायचा, गावाच्या बैठकीत कुणी विचारलं तर सारवासारव करायची. उद्या प्रकरण उलटलं तर तुम्ही सिंगापूरला परताल. पाक त्याच गावात, त्याच मशिदीत, त्याच पाटाच्या पाण्यावर राहणार आहेत. या व्यवहारात तुमचे पैसे जाऊ शकतात. त्यांची जमीन आणि पत दोन्ही जाऊ शकतं.

पाण्याचंही असंच आहे. लोम्बोकवर बालीच्या राजांचा अंमल होता, 1894 मध्ये डचांनी बेट जिंकेपर्यंत. त्या काळापासून तिथेही भातशेतीचं पाणी गावाच्या सामायिक व्यवस्थेनं वाटलं जातं, आणि वाटपावर देखरेख ठेवणाऱ्याला 'पेकासिह' म्हणतात. आपल्याकडचा पाटकरी म्हणा. वरच्या खाचरातून खालच्यात पाणी जायचं तर वरच्यानं बांध फोडून द्यावा लागतो. त्या साखळीतली 20 आर जमीन कॉटेजखाली गेली, तिथे कूपनलिका पडली, कुंपण आलं, तर खालच्या खाचरांचं काय?

माझं आजोळ राजापूर तालुक्यात. मामांनी एक तुकडा मुंबईच्या एका गृहस्थाला विकला. माणूस फार सज्जन होता, पैसे रोख दिले, गावच्या पालखीला वर्गणी द्यायचा. त्यानं नियमाप्रमाणे गडगा घातला आणि पाणवठ्याकडची पायवाट बंद झाली. कागदावर ती वाट कुठेच नव्हती. चार घरच्या बायका पुढची किती तरी वर्षं वळसा घालून पाणी आणत होत्या. त्या गृहस्थांना हे कधी कळलंच नाही, कारण ते वर्षातून दहा दिवस यायचे आणि त्यांच्याकडे नळ होता. तुमचं पत्र वाचताना मला सारखी ती वाट आठवत होती.

'मग कायद्यात बसणारं काहीच नाही का?' आहे, पण तुमच्या बेताला लागू पडेल असं फारसं नाही. इंडोनेशियात राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला 'हक पाकाई', म्हणजे वापराच्या हक्कावर घर घेता येतं. पहिली 30 वर्षं, मग 20 ची मुदतवाढ, मग 30 वर्षांचं नूतनीकरण. पण त्याला किमान किमतीची अट आहे आणि ती किंमत काही अब्ज रुपियांच्या घरातली. गावातलं शेत त्यात बसत नाही. धंदा करायचा तर परदेशी भांडवलाची कंपनी काढता येते, पण तिथे गुंतवणूक 10 अब्ज रुपियांहून जास्त लागते, जमीन आणि इमारत सोडून. आपले पाच कोटी रुपयांच्या वर. लहान धंदे तिथल्या लोकांसाठी राखलेले आहेत आणि गावातलं पाच खोल्यांचं अतिथिगृह नेमकं त्यात येतं. कुणाच्या तरी नावावर शेअर ठेवून कंपनी काढायची सूचना तो मध्यस्थ पुढे करेल. 2007 च्या गुंतवणूक कायद्याचं 33 वं कलम तेही रद्द ठरवतं. आणि पर्यटक व्हिसावर राहून कॉटेज चालवणं, पाहुण्यांची सरबराई करणं, अगदी विनावेतनसुद्धा, हे काम समजलं जातं. त्यासाठी परत पाठवलेले परदेशी लोक दर वर्षी बातम्यांत असतात.

पैसे किती वर्षांत सुटतील या प्रश्नाला म्हणूनच माझ्याकडे आकडा नाही. तुम्ही वर्षाचे सात महिने खोल्या भरलेल्या धरल्या आहेत. रिंजानीची चढाई पावसाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्च, दर वर्षी बंद असते. जुलै आणि ऑगस्ट 2018 मध्ये लोम्बोकला एकामागून एक भूकंप झाले. 5 ऑगस्टचा 6.9 तीव्रतेचा होता, पाचशेहून जास्त माणसं गेली, लाखो लोक ताडपत्रीखाली आले. मग 2020 च्या एप्रिलपासून देशच बाहेरच्या पर्यटकांना बंद. त्या काळात कर्ज काढून खोल्या बांधणाऱ्या गावकऱ्यांचं काय झालं, हे पाकना विचारा. त्यांना तोंडपाठ असेल. परताव्यासाठी गुंतवायचे पैसे सिंगापुरात किंवा भारतात, जिथे कागद तुमच्या नावावर होतात तिथेच ठेवा. गावासाठी वेगळा वाटा काढा आणि त्याच्याकडून व्याजाची अपेक्षा ठेवू नका. एकच पैसा दोन्ही कामं करेल, हा हिशोब जमणारा नाही.

आता तुमच्या पत्नीच्या वाक्याकडे येते. तुम्ही त्याला 'भावनिक' म्हणता. मला ते सगळ्या पत्रातलं सर्वांत व्यवहारी वाक्य वाटलं.

तुम्ही लिहिता की त्या खाचरांत उभं राहिलं की आजीची आठवण येते, आणि पाटणची जमीन वडिलांनी तुमच्या इंजिनिअरिंगसाठी विकली याचं ओझं थोडं हलकं होतं. हे वाचून मी थांबले. म्हणजे तुम्हाला जे परत हवंय ते रिंजानीच्या उतारावर नाहीच. तिथे आहे ते त्याच्यासारखं दिसणारं. पाकांचं शेत घेऊन वडिलांनी विकलेलं शेत परत येणार नाही. शिवाय त्या दुसऱ्या घरात, तुमच्या वडिलांनी केलं तेच पाक करतील, मुलांसाठी जमीन विकतील. आणि या वेळी घेणारे तुम्ही असाल. एकदा पाटणला जाऊन या, असं मी सुचवेन. जमीन घ्यायला नाही. नुसतं आठ दिवस राहायला. ती विकलेली जमीन आज कोण कसतंय ते बघा, त्यांच्याशी बोला.

पत्नीच्या प्रश्नाचा दुसरा अर्थ रोजच्या जगण्याचा आहे. तुम्ही चारही वेळा कोरड्या ऋतूत, आठ-दहा दिवस, पाहुणे म्हणून राहिलात. नोव्हेंबर ते एप्रिलच्या पावसात ते गाव तुम्ही पाहिलेलं नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात तंबाखू वाळवायच्या भट्ट्या पेटतात तेव्हाचा धूर पाहिलेला नाही. रमजानचा महिना तिथे काढलेला नाही. ते ससाक लोकांचं गाव आहे, मुस्लिम गाव. पहाटेपासून दिवसाला वळण मशिदीच्या बांगेनं मिळतं, आणि रमजानात सगळ्या गावाची वेळच बदलते. त्यात तुमची पत्नी कुठे बसेल, कुणाशी बोलेल, एकटी बाजाराला गेली तर काय, हे तिनं विचारायलाच हवं. तुम्ही घरी शाकाहारी आहात. लोम्बोकची ती पेलेचिंग कांगकुंगची भाजी तुम्ही आवडीनं खाल्लीत, तिच्या सांबालात, म्हणजे मिरचीच्या चटणीत, बहुधा तेरासी असते, म्हणजे कोलंबीचा आंबवलेला लगदा. घरात भाजी दिसली म्हणजे ती आपली भाजी नसते. तेंपे आणि ताहु हे सोयाबीनचे पदार्थ मात्र निर्धास्त खाता येतील, फक्त सोबतचा सांबाल विचारून घ्या. दुखलंखुपलं तर गावाजवळ पुस्केस्मास, म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारखं केंद्र आहे. मोठं काही झालं तर सेलोंगचं किंवा थेट मातारामचं रुग्णालय. साठी-सत्तरीत तिथे राहायचं म्हणता, तर त्या रस्त्यावर रात्री दोन वाजता वाहन कोण काढेल, हे आज ठरवलं पाहिजे.

म्हणून माझा सल्ला असा. जमीन विसरा, घर भाड्यानं घ्या. इंडोनेशियन भाषेत भाड्याला 'सेवा' म्हणतात. आपलाच संस्कृत शब्द, तिकडे जाऊन भाडं झाला. मुलीची बारावी होईपर्यंत तुम्हाला हलता येणार नाहीच, म्हणजे दोन-अडीच वर्षं हातात आहेत. तोवर वर्षातून दोनदा जा, एकदा भर पावसात, एकदा रमजानमध्ये. नंतर एक अख्खं वर्ष. परदेशी कंपनीची नोकरी दुरून करणाऱ्यांसाठी इंडोनेशियाचा एक वर्षाचा परवाना आहे, त्याला वर्षाला किमान 60 हजार डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. ते तुमच्या पगारात बसतं. कंपनी परवानगी देते का ते विचारा. बारा महिन्यांत 183 दिवसांहून जास्त राहिलात तर करासाठी तिथले रहिवासी ठरता, हे मात्र आधीच कर-सल्लागाराला सांगा. मोठी रक्कम तिथल्या सरकारी बँकेत ठेवून 'दुसऱ्या घराचा' व्हिसाही मिळतो. आपले कोटीभर रुपये त्यात अडकतात, म्हणून वर्षभर राहून झाल्याशिवाय त्याचा विचार करू नका.

भाड्याचा करारही तोंडी ठेवू नका. 'नोतारिस'कडे करा. आपल्याकडच्या शिक्का मारणाऱ्या नोटरीहून त्याचा अधिकार बराच मोठा असतो. मध्यस्थानं आणलेला नोतारिस घेऊ नका, स्वतः शोधा. घराचं सर्टिफिकेट बघा. जुना 'पिपिल' दाखवला तर थांबा. तो करवसुलीचा उतारा. आपला सातबारा जसा मालकीचा अंतिम पुरावा नाही, तसाच तोही नाही. जमीन कार्यालयात नोंद कुणाची आहे ते तपासून घ्या, आणि घर वडिलोपार्जित असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. भाड्यावर 10 टक्के कर असतो, तो कोण भरणार ते लिहून ठेवा. दुरुस्तीवर खर्च कराल तो मुदत संपल्यावर कुणाचा, तेही. घर 2018 च्या भूकंपात उभं राहिलं होतं की नंतर बांधलं, आणि भिंतींत सळई आहे का, हे गवंड्याकडून बघून घ्या. नुसत्या विटांची घरंच त्या वेळी पत्त्यांसारखी बसली होती. आणि राहायला गेलात की पहिल्याच दिवशी वाडीच्या प्रमुखाकडे नाव नोंदवा. पाहुण्यानं 24 तासांत कळवावं, अशी पाटी तिथल्या बहुतेक गावांत लावलेली दिसते. हे काम पाकांवर सोपवू नका, स्वतः जा, पत्नीला घेऊन जा. गावाशी पहिली ओळख त्या ओट्यावर होते.

गावात पैसे घालायची इच्छा मात्र मोडू नका, ती चांगली आहे. पाकांच्या दोन खोल्यांची दुरुस्ती, चांगलं स्वच्छतागृह, गरम पाण्याची सोय, याला कदाचित तीन-चार लाख लागतील. ते तुम्ही पुढच्या काही वर्षांच्या मुक्कामाचं आगाऊ भाडं म्हणून देऊ शकता. घर त्यांचं, धंदा त्यांचा, परवाना त्यांचा. बुडाले तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम द्या आणि कागदावर साध्या भाषेत लिहून ठेवा. मराठी ट्रेकर्सना लोम्बोकला जायचं असेल तर पाकांचा पत्ता द्या, आमटी आणि भात कसा लागतो ते बूंना, म्हणजे पाकांच्या पत्नीला, तुमच्या पत्नीनं शिकवावं. दलाली घेऊ नका. एकूण 60 लाखांत जे साधणार नव्हतं ते यात साधेल: पाकांचा मुलगा मलेशियाहून परतला तर त्याला शेतही असेल आणि घरचा धंदाही.

गावं स्वतः काय उभं करू शकतात ते बघायचं असेल तर परतताना मध्य जावात, क्लातेन जिल्ह्यातल्या पोंगोकला जा. तिथल्या ग्रामपंचायतीच्या कंपनीनं, तिला 'बुमदेस' म्हणतात, गावचा जुना झरा आणि तळं यांवर पर्यटन उभं केलं. पाण्याखाली बसून फोटो काढायला देशभरातून लोक येतात आणि नफा गावात राहतो. योग्याकार्ताजवळच्या न्गलांगरान गावाला 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेनं उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतलं. तिथेही पर्यटन गावकरीच चालवतात. लोम्बोकच्या तुमच्या गावात असं काही चालू आहे का, देसाच्या कार्यालयात विचारा. ('देसा' म्हणजे गाव. आपला 'देश' तिथे एवढा छोटा झाला.)

भारतात राहून असाच बेत करणाऱ्या वाचकांसाठी थोडं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. गुंतवणुकीसाठी 10 लाखांच्या वर रक्कम गेली की बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. परदेशातली मालमत्ता विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावीच लागते. न दाखवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. दुसऱ्याच्या नावावरची जमीन त्या तक्त्यात काय म्हणून दाखवणार? तुम्ही अनिवासी असताना घेतलेली परदेशी मालमत्ता भारतात परतल्यावरही ठेवू शकता, पण पूर्ण निवासी झालात की हाच तक्ता तुम्हालाही लागू.

आता पुन्हा पत्नीचं वाक्य. तिनं 'आम्ही' म्हटलं नाही, 'आपण' म्हटलं. तुम्हाला धरून विचारलं. इंडोनेशियन भाषेत हा फरक जसाच्या तसा आहे. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचं तर 'कामी', त्याला धरून बोलायचं तर 'कीता'. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो शिकावा लागतो, आपल्याला आईच्या भाषेतच मिळाला आहे. पुढच्या वेळी बरुगाकात बसाल तेव्हा कान देऊन ऐका. पाणी, पीक, रस्ता, शाळा यांबद्दल बोलताना पाक आणि शेजारी तुमच्यासमोर 'कामी' म्हणतात की 'कीता'?

आणि पाकना जमिनीबद्दल नाही म्हणायचं ते फोनवर सांगू नका, मध्यस्थामार्फत तर नाहीच. डिसेंबरच्या सुट्टीत तिघंही जा. पैशाची निकड कशाची आहे ते आधी विचारा आणि ऐकून घ्या. मग घराबद्दल विचारा: "बोलेह कामी सेवा रुमाह इनी सातु ताहुन?" आम्ही हे घर एक वर्षासाठी भाड्यानं घेऊ का? हे वाक्य तुमच्या पत्नीनं म्हणावं असं मला वाटतं, तिला म्हणायचं असेल तर. त्यात 'कामी'च बरोबर आहे. 'कीता' आपण होऊन म्हणता येत नाही, ते समोरून यावं लागतं.